पाणथळ राखायची, तर आधी भरती-ओहोटी पाहा

ठाणे खाडीकाठच्या पाणथळ जागा आणि तिथले पक्षी राखण्याच्या कामात नव्याने उतरण्याचा आपला उत्साह स्वागतार्ह आहे. मात्र पहिल्या हिवाळ्यात मोहिमा न काढता खाडीकाठच्या भांडुप किंवा ऐरोली यांपैकी एकच जागा निवडून तिथे भरतीच्या वेळा पाहून जात राहावे. भरतीने खाडीचा चिखल बुडाला की पक्षी लगतच्या उथळ तळ्यांत उतरतात; म्हणून थापट्या, तलवार बदक या हिवाळी पाहुण्या बदकांच्या संख्येबरोबरच तळ्यात खाडीचे पाणी आणणारी मोरी उघडी आहे का, हेही तारखेसह लिहावे, कारण तिच्या तोंडाशी राडारोडा पडला की तळे आटते. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, तरी आजूबाजूची सगळी तळी त्यात येत नाहीत, आणि तक्रारीच्या वेळी अशा नोंदीच उपयोगी पडतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- उघड्या चिखलावर कांदळवन लावणे (हेतू चांगला, पण पक्ष्यांची चरण्याची जागाच जाते)
- छायाचित्रासाठी थवा उठवणे

कायद्याची कलमे पुढच्या हंगामात पाहू.