जुनी एमजीबी रोडस्टर घ्यावी का? सोळा वर्षे सांभाळल्यानंतरचे माझे मत

१९७० च्या आसपासची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या छपराची दोन आसनी गाडी, घ्यावी असे तुमच्या मनात आहे, आणि ती चालवताना प्रत्यक्षात कशी वाटते, सांभाळायला किती जड जाते व रोज कामावर नेता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्याकडे १९७१ ची रोडस्टर गेली सोळा वर्षे आहे. मी शेफील्डजवळ राहतो आणि तिची बहुतेक कामे घरीच करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: रोज नेऊ नका. इंजिनाला ते झेपणार नाही असे मुळीच नाही. परंतु इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ या गाडीच्या पत्र्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. शिवाय माझ्या गाडीला ब्रेकचा सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारे साधन) नाही, पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, त्यामुळे पाय जोर लावून आणि बराच आधी ठेवावा लागतो. पुढची आधुनिक गाडी जितक्या अंतरात थांबते तितक्या अंतरात आपली थांबणार नाही, हे सकाळच्या गर्दीत क्षणभरही विसरता येत नाही. तुम्हाला केवळ उघड्या छपराची, बिनतक्रार चालणारी दोन आसनी गाडी हवी असेल तर माझदाची एमएक्स-५ घ्या. ती उत्तम गाडी आहे आणि तुम्हाला पश्चात्ताप होणार नाही.

तरीही एमजीबीच हवी असेल तर एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही गाडी चालवणे आणि ती सांभाळणे ही दोन वेगळी कामे नाहीत. शनिवारी दुरुस्ती आणि रविवारी मौज अशी वाटणी इथे होत नाही, कारण गाडी धावत असतानाच तिची तपासणी चालू असते, आणि ती तुमच्या कानांनी, पायांनी व पाठीने करायची असते. किल्ली फिरवली की मागच्या बाजूने पेट्रोल पंपाची टकटक सुरू होते. कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) भरत आले की ती मंदावते आणि थांबते. थंड इंजिनाला चोक ओढून चालू करायचे, ऑइल प्रेशरचा काटा वर आलेला पाहायचा, आणि इंजिन तापेपर्यंत घाई करायची नाही. गरम इंजिन रस्त्यावर धावत असताना काटा दर चौरस इंचाला ५० पौंडांच्या वर असावा. मी आरशात पाहतो तितक्याच वेळा त्या काट्याकडे पाहतो.

मी हे अनुभवाने शिकलो. गाडी घेऊन दुसरेच वर्ष होते. पंपाची टकटक आठवडाभर अडखळत होती. मी ती ऐकत होतो, पण तिचा अर्थ लावला नव्हता. स्नेक पास या शेफील्डजवळच्या घाटरस्त्याच्या चढावर, भर पावसात, इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि गाडी बंद पडली. एसयू कंपनीच्या या पंपाच्या आत पॉइंट, म्हणजे विजेचे संपर्कबिंदू, असतात आणि ते झिजले की चिकटतात, हे तोवर मी फक्त वाचले होते. तारांच्या चाकांचे नट ठोकायला ठेवलेला तांब्याचा हातोडा घेऊन मी गाडीच्या मागच्या भागाखाली हात घातला, पंपाला हलकेच दोन ठोके दिले, टकटक पुन्हा सुरू झाली आणि मी घरी पोहोचलो. पुढच्या आठवड्यात पंप बदलला. तेव्हापासून एखादा आवाज बदलला तर त्याच दिवशी बॉनेट उघडतो.

आता चालवण्याविषयी. इंजिन १७९८ सीसीचे, दोन एसयू कार्ब्युरेटरचे आणि ९५ अश्वशक्तीचे आहे. आजची साधी हॅचबॅकही सिग्नलवर हिच्यापुढे निघून जाते. वेगासाठी कोणी ही गाडी घेऊ नये. परंतु तुम्ही जमिनीपासून वीतभरच वर बसलेले असता, पाय जवळजवळ सरळ पसरलेले असतात, आणि ताशी ४५ मैलांवर रस्त्याचा प्रत्येक उंचवटा स्टिअरिंगमधून तळहातात येतो. स्टिअरिंगला कोणतीही मदत नाही. गाडी लावताना खांदे भरून येतात, पण एकदा वेग घेतला की ते इतके बोलके होते की ओला डांबर आणि कोरडा डांबर यांतला फरक बोटांना कळतो. मागे अखंड ॲक्सल आणि पाट्यांची स्प्रिंग आहे, त्यामुळे वळणात खड्डा आला तर मागचा भाग किंचित उडी मारतो. पहिल्या महिन्यात दचकायला होते, नंतर शरीर स्वतःच ते धरून चालते. ताम्हिणी घाट ज्याने जुन्या गाडीतून केला आहे त्याला पीक डिस्ट्रिक्ट या आमच्या इथल्या डोंगराळ भागातले रस्ते ओळखीचे वाटतील: वळणाच्या आधी गिअर खाली घ्यायचा, आणि मग इंजिनाच्या ओढीवर वळण काढायचे.

ओव्हरड्राइव्ह (वेग तोच ठेवून इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जोडगिअर) असलेलीच गाडी घ्या, हा माझा आग्रह आहे. चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांवर इंजिन मिनिटाला साधारण ३३०० फेऱ्यांवर घोंघावत असते. स्विच दाबला की क्लच न दाबताच ते २७०० च्या आसपास उतरते आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येते. लांबच्या प्रवासात हा फरक फार मोठा आहे.

इंजिनाची भीती बाळगू नका. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या ‘बी सिरीज’ कुटुंबातले हे इंजिन आहे, त्याच कुटुंबातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षे होते. माझे मामा कोल्हापुरात तीस वर्षे गॅरेज चालवत होते. ते इथे आले असताना मी बॉनेट उघडले, तेव्हा ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अरे, हे तर आपलंच इंजिन. फिलर गेज आण.” आठ व्हॉल्व्हचे टॅपेट लावण्यासाठी, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हवरची बारीक फट नेमकी करण्यासाठी, त्यांनी पुस्तक मागितले नाही. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याचा गॅप लावायचा, सहावा दाबलेला असताना तिसऱ्याचा, म्हणजे दोहोंची बेरीज दर वेळी नऊ आली पाहिजे, एवढे सांगून त्यांनी मला गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकलायला लावली. फिलर गेजमधली पंधरा थाऊची (इंचाच्या पंधरा हजारांश जाडीची) पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे. ती सहज सरकली तर गॅप जास्त आणि ओढावी लागली तर कमी. त्या दुपारी माझ्या बोटांना जे कळले ते आजतागायत उपयोगी पडते आहे. डेल्कोमधले (प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट, प्लग, ऑइल आणि कार्ब्युरेटरच्या वरच्या नळीतले, म्हणजे डॅशपॉटमधले तेल ही कामेही तुम्ही एका हिवाळ्यात शिकाल. किंगपिनना (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळींना) दर ३००० मैलांनी ग्रीस भरणे मात्र कधीही चुकवू नका. ते चुकवणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे आणि त्याची किंमत पुढच्या मालकाला मोजावी लागते. पाने इंचांच्या मापाचे लागतात, मिलिमीटरचे चालत नाहीत.

खरे संकट इंजिनात नाही, पत्र्यात आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही. सगळा भार बॉडीच पेलते, आणि दाराखालचे सिल हा तिचा कणा आहे. तो आतून गंजतो. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने एका गॅरेजमधून सडलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून घेतला होता. रंग सुंदर होता, आणि मी रंगाकडेच पाहिले. दोन वर्षांनी टोचणीने दाबले तेव्हा आतला पत्रा भुसभुशीत निघाला, आणि दोन्ही बाजूंचे काम नीट करून घ्यायला काही हजार पौंड गेले. नीट काम म्हणजे मडगार्डांचा खालचा भाग कापून, आतल्या थरांसह संपूर्ण सिल बदलणे. म्हणून इंजिन थकलेले पण बॉडी सच्ची असलेली गाडी निवडा. इंजिन पुन्हा बांधता येते आणि त्याचा खर्च आधी सांगता येतो.

सुट्या भागांची चिंता नको. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून जीटी या बंद छपराच्या प्रकारासह पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या, त्यामुळे जवळजवळ सर्व काही मिळते. १९८८ पासून मूळ साच्यांवर दाबलेली संपूर्ण नवी बॉडीसुद्धा मिळू लागली. गाडीला चाळीस वर्षे उलटल्यामुळे ब्रिटनमध्ये रस्ता कर भरावा लागत नाही आणि मोठा बदल केलेला नसेल तर एमओटी या गाडीच्या वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. मी तरीही दरवर्षी एमओटी करून घेतो, कारण ब्रेकच्या नळ्या दुसऱ्या जाणत्या नजरेखालून जाव्यात असे मला मनापासून वाटते. विमा ठरीव मूल्याचा, म्हणजे गाडीची किंमत विमा कंपनीशी आधीच ठरवून, घ्या. पेट्रोलच्या बाबतीत २०२१ पासून साधे पेट्रोल म्हणून ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले) मिळते आणि त्यातले इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खाते, म्हणून मी कमी इथेनॉलचे महागडे ई५ भरतो आणि नळ्याही बदलून घेतल्या आहेत.

गाडी उभी ठेवू नका. उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर अडकतात, क्लच चिकटतो, पेट्रोल शिळे होते. हिवाळ्यातही पाऊस पडून रस्त्यावरचे मीठ धुऊन गेले आणि रस्ता कोरडा झाला की मी तिला अर्धा तास बाहेर काढतो. नुसते जागेवर इंजिन चालू ठेवल्याने ते काम होत नाही.

गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. थंड इंजिन कसे चालू होते ते तुमच्यासमोर व्हायला हवे. सोबत लोहचुंबक आणि टॉर्च न्या. छप्पर खाली करून दोन्ही दारे उघडा व बंद करा. दाराच्या मागच्या कडेची फट वरच्या बाजूला मिटत आली असेल किंवा दार अडकत असेल तर बॉडी मधून वाकली आहे असे समजा. आसनांच्या मागचा गालिचा उचलून बॅटरीच्या पेट्या पाहा. त्या मूळच्या दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांसाठी केलेल्या आहेत आणि तिथला पत्रा बहुधा कोणी पाहिलेलाच नसतो. आणि एखादी गाडी जवळपास सापडली तर मला कळवा. शनिवार मोकळा असेल तर मी बरोबर येईन.