वजन, तंबाखू आणि मेडिक्लेमचा हप्ता: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मार्च-एप्रिल आला की कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसी नव्याने होतात. ऑफिसात वजनकाटा आणि बीपीचं यंत्र घेऊन कॅम्प लागतो आणि माझ्याकडे पत्रं सुरू होतात. यंदा बहुतेकांचा सूर एकच आहे. जाड आहे म्हणून, सिगारेट ओढतो म्हणून विम्याला जास्त पैसे पडणार का? एकेकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा सगळ्यांना इथेच उत्तरं देते. प्रश्न थोडक्यात घेतले आहेत, नावं अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या एचआरने मीटिंगमध्ये सांगितलं की ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३० च्या वर आहे त्यांच्या पगारातून विम्यासाठी दरमहा ५०० रुपये जास्त कापणार. ‘इन्शुरन्सवाल्यांचा नियम आहे’ म्हणतात. खरंच आहे का?

नाही. ग्रुप पॉलिसीचा हप्ता अख्ख्या गटावर ठरतो. माणसं किती, वयं काय, आई-वडील धरले आहेत का, विमारक्कम किती आणि सगळ्यात मोठं म्हणजे गेल्या वर्षी क्लेमपोटी किती गेले. शंभर रुपये हप्ता घेऊन एकशे वीस चुकते करावे लागले, तर विमा कंपनी पुढच्या वर्षी दर वाढवणारच. ती वाढ मालकाने स्वतः सोसायची, सगळ्यांत वाटायची, की ठरावीक लोकांच्या माथी मारायची, हे तुमच्या कंपनीने ठरवलेलं असतं. त्यासाठी विमा कंपनीच्या खांद्यावर बंदूक कशाला?

आता पगारातल्या कपातीचं. वेतनातून काय काय कापता येतं, ते वेतन संहितेत मोजून दिलेलं आहे आणि ‘वजन जास्त’ असं कारण त्यात नाही. पण तुम्ही नोकरीला लागताना कोणकोणत्या कागदांवर सह्या केल्यात, विम्याच्या हिश्शाला संमती दिलीत का, हे मला इथून दिसत नाही. म्हणून आधी एचआरकडे लेखी सर्क्युलर मागा. तोंडी नियम सांगणारे पुष्कळदा लेखी मागितल्यावर गप्प बसतात. लेखी मिळालंच, तर ते घेऊन कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा.

जाता जाता एक. ज्यांचा पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि जे ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कर्मचारी राज्य विमा योजनेत, येतात, त्यांचा हिस्सा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. माणूस पन्नास किलोचा असो की एकशे दहा, आकडा तोच.

प्रश्न : अमेरिकेत लठ्ठ लोकांना दुप्पट हप्ता लावतात आणि भारतातही तसा कायदा झाला आहे, असा मेसेज आमच्या ग्रुपवर आलाय. सोबत पाठवत आहे.

मेसेज वाचला. खाली ना तारीख, ना कायद्याचं नाव, आणि शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’. एवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं. भारतात असा कायदा झालेला नाही.

अमेरिकेत काय आहे तेही सांगते, म्हणजे पुढचा मेसेज आला की तुम्हालाच उत्तर देता येईल. तिथे नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात आरोग्याच्या उद्दिष्टांशी जोडलेली सवलत किंवा जादा आकार घेता येतो. मर्यादा विम्याच्या एकूण खर्चाच्या ३० टक्के, तंबाखूच्या बाबतीत ५० टक्क्यांपर्यंत. ‘दुप्पट’ कुठेच नाही. शिवाय ज्याला ते उद्दिष्ट गाठता येत नाही त्याला दुसरा वाजवी मार्ग द्यावाच लागतो, म्हणजे वजन उतरलं नाही तरी आहाराचा कार्यक्रम पूर्ण केला की सवलत मिळते. २०१३ मध्ये तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाने आरोग्याची प्रश्नावली न भरणाऱ्या कर्मचाऱ्यांना महिन्याला १०० डॉलर आकारायचं ठरवलं होतं. प्राध्यापकांनी एवढा गदारोळ केला की ते मागे घ्यावं लागलं.

या सगळ्यातून आजारपणाचा खर्च तरी वाचतो का? इलिनॉय विद्यापीठाने आपल्या जवळजवळ पाच हजार कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून हे तपासलं. वेलनेस कार्यक्रमात घेतलेले आणि न घेतलेले यांच्या वैद्यकीय खर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आपल्याकडच्या ज्या एचआर मंडळींना परदेशी कल्पनांचा उमाळा येतो, त्यांनी हेही वाचावं.

प्रश्न : मी व्यायामशाळेत जातो, अंगात स्नायू आहेत, तरी बीएमआय २७. मला ‘ओव्हरवेट’ का लिहिलं?

कारण बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून आलेला आकडा, त्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. हे सूत्र केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३० च्या दशकात लोकसंख्येचा अभ्यास करताना काढलं, एकेका माणसाचा रोग ओळखायला नव्हे. मात्र लगेच खूश होऊ नका. आपल्या लोकांत कमी वजनावरही मधुमेह गाठतो, म्हणून भारतीयांसाठी डॉक्टर २३ पासूनच सावध करतात. कंबर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर असेल, तर दंड कितीही पिळदार असोत, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : गुटखा सोडून सहा महिने झाले. फॉर्मवर ‘तंबाखू : नाही’ लिहू का?

‘पूर्वी घेत होतो, अमुक महिन्यात सोडला’ असं लिहा. लघवीच्या तपासणीत कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) पाहतात, ते सोडल्यावर काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत उतरतं. सोडण्यासाठी निकोटिनचं च्युइंगम चालू असेल, तर तपासणी पॉझिटिव्ह येईल, तेव्हा तेही आधी सांगा.

प्रश्न : मॅडम, स्वतःची पॉलिसी काढतोय. उंची ५ फूट ६ इंच, वजन ९४. एजंट म्हणतो ७२ लिहू, नाहीतर लोडिंग (जोखमीपोटी जादा हप्ता) बसेल. सिगारेटच्या रकान्यातही ‘नाही’ करू म्हणतो. सगळेच असं करतात का?

सगळेच करत नाहीत, पण जे करतात त्यातले बरेच जण नंतर मला पत्र लिहितात. म्हणून जरा सविस्तर.

मी काही वर्षं एका विमा कंपनीत क्लेम तपासायच्या टेबलावर होते. माझ्यासमोर दोन कागद असायचे. डाव्या हाताला प्रपोजल फॉर्म, एजंटच्या वळणदार अक्षरातला, सगळे रकाने ‘नाही, नाही, नाही’, खाली ग्राहकाची घाईत केलेली सही. उजव्या हाताला हॉस्पिटलचे केस पेपर. पहिल्याच पानावर रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरने लिहिलेलं असायचं : वजन ९६, पंधरा वर्षं तंबाखू, सहा वर्षं बीपीची गोळी. हे त्याला कोणी सांगितलं? बायकोने. छातीत कळ येऊन माणूस स्ट्रेचरवर पडलेला असताना घरचे काहीही लपवत नाहीत, आणि लपवूही नये. भूलतज्ज्ञ तर वजन विचारून थांबत नाही, काट्यावर उभं करतो, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो. फॉर्मवर ७२ आणि इथे ९६. हे दोन कागद शेजारी ठेवायला कुणी गुप्तहेर लागत नाही.

आता हिशोब करा. समजा हप्ता वर्षाला २०,००० आहे आणि २० टक्के लोडिंग बसलं. वर्षाला ४,००० जास्त. दहा वर्षांत चाळीस हजार. एका अँजिओप्लास्टीचं बिल याच्या कितीतरी पट येतं. ते बिल नाकारलं गेलं, तर एजंट भरणार आहे का? त्याचं कमिशन पहिल्या हप्त्याबरोबर त्याला मिळालेलं असतं. सही तुमची असते, ‘एजंटने भरलं’ हे सांगून सहसा सुटका होत नाही.

उलट खरं लिहिलंत की बाजू तुमच्याकडे येते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. परदेश प्रवासाचा मेडिक्लेम घेताना त्या गृहस्थांनी मधुमेह आहे हे सांगितलं होतं, कंपनीने तपासण्या करून पॉलिसी दिली होती. तिकडे हृदयविकाराचा झटका आल्यावर कंपनीने आधीच्या आजाराकडे बोट दाखवलं. न्यायालयाने ते मानलं नाही. प्रकृती माहीत असून पॉलिसी दिलीत, तर नंतर त्याच प्रकृतीवरून हात झटकता येणार नाहीत, असा निकाल झाला.

आणि लोडिंगचा एवढा बाऊ कशाला? ते लावायचं तर कंपनीने आधी कळवून तुमची संमती घ्यावी लागते. नको वाटलं तर दुसरी कंपनी बघा, प्रत्येकीचे निकष वेगळे असतात. एकदा पॉलिसी मिळाली की तुम्ही क्लेम केला म्हणून नूतनीकरणात एकट्या तुमचा हप्ता वाढवता येत नाही, वाढ झाली तर त्या प्रकारच्या सगळ्या पॉलिसींना होते. तेव्हा फॉर्म स्वतः भरा. ऑनलाइन असेल तर ओटीपी एजंटला वाचून दाखवण्याआधी सगळी पानं उघडून बघा. पॉलिसी हातात आली की सोबतची फॉर्मची प्रत वाचा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. नव्या पॉलिसीत ३० दिवसांच्या आत ती परतही करता येते. बीपी, साखर, थायरॉइड यांपैकी काही असेल, तर सही करण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधांची यादी लिहून घ्या.

प्रश्न : पाच वर्षं झाली की काहीही लपवलेलं चालतं, असं ऐकलं.

अर्धवट ऐकलंत. २०२४ मध्ये बदललेल्या नियमानुसार, सलग ६० महिने हप्ते भरल्यावर माहिती दडवली या कारणाने कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. आणि पाच वर्षं आजारी पडायचं नाही, हे कोणाच्या हातात आहे?

प्रश्न : माझ्या बहिणीचं वजन १२० किलो आहे. बेरिॲट्रिक सर्जरीला (वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेला) मेडिक्लेम मिळतो का?

अटी पुऱ्या झाल्या तर. वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त. ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर सोबत यांसारखा एखादा गंभीर आजार हवा : हृदयरोग, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह, आणि आधी साधे उपाय करूनही वजन न उतरल्याची नोंद. ही शेवटची नोंदच बहुतेकांकडे नसते. आहारतज्ज्ञाचे कागद, जुन्या चिठ्ठ्या सांभाळा. वेटिंग पीरियड पॉलिसीत तपासा आणि ॲडमिट होण्याआधी टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून) लेखी मंजुरी घ्या. ‘आम्ही बघून घेऊ’ म्हणणाऱ्या पॅकेजवाल्या काउंटरवर विसंबू नका.

प्रश्न : माझा जो हिस्सा पगारातून कापतात तो ८०-डीमध्ये (आयकरातली विमा हप्त्याची वजावट) धरता येतो?

हो, जुनी करप्रणाली घेतली असेल तर.

प्रश्न : रोज दहा हजार पावलं चाललो तर नूतनीकरणात सूट मिळेल, असं ॲप सांगतं. कंपनीला घड्याळाचा डेटा द्यावा का?

सूट देता येते, त्याला नियामकाची परवानगी आहे. पण किती टक्के, कशावर आणि कधी, हे जाहिरातीत नाही, पॉलिसीच्या कागदात वाचा. पोरांच्या सायकलला फोन बांधून पावलं भरणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यावरून या आकड्यांची किंमत करा. डेटा विमा कंपनीकडे जाणं वेगळं आणि तुमच्या साहेबांच्या टेबलावर जाणं वेगळं. मालकाला कुणाची साखर किती, हे नावानिशी कळण्याचं काही कारण मला दिसत नाही. संमतीच्या पानावर कोणाकोणाला माहिती दिली जाईल ते वाचूनच ‘मान्य’ दाबा. नोकरीच्या ठिकाणी सक्ती होत असेल तर जाणकाराला विचारा.

प्रश्न : वय ४४, बीपी सुरू झालाय. ऑफिसचा पाच लाखांचा विमा आहे, मग स्वतःचा कशाला?

नोकरी सुटली की तो विमा सुटतो, यासाठी. आजारपणामुळेच नोकरी सुटली तर काय कराल? आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, ते घड्याळ पॉलिसी घेतल्यादिवशी सुरू होतं. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत तुम्ही ते पुढे ढकलताय, आणि दरम्यान वजन, वय आणि गोळ्या वाढताहेत. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण तिथे ती तुमची नव्याने तपासणी करू शकते. या महिन्यात दोन सल्लागारांना भेटा. एकाला नव्हे.

प्रश्न : भावाला डेंग्यू झाला. क्लेम नाकारला, कारण काय तर फॉर्मवर वजन १५ किलो कमी लिहिलं होतं. डेंग्यूचा आणि वजनाचा काय संबंध?

प्रश्न योग्य आहे. न सांगितलेल्या गोष्टीचा प्रत्यक्ष कारणाशी संबंध नव्हता म्हणून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आयुर्विम्याच्या प्रकरणात वारसांच्या बाजूने निकाल दिला होता. दुसरीकडे, माहिती दडवणं हेच पुरेसं कारण मानणारे निकालही आहेत. त्यामुळे तुमचं काय होईल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

करायचं काय ते सांगते. नकाराचं पत्र कारण आणि पॉलिसीतल्या कलमासकट लेखी मागा. क्लेम नाकारताना कंपनीच्या क्लेम समितीची मंजुरी लागते, ती घेतली का, हे विचारा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा आणि पोच जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत. तुमच्या पत्रावर नकाराची तारीख गेल्या जूनमधली दिसते, म्हणजे आता उशीर करू नका. केस पेपरची पूर्ण प्रत हॉस्पिटलकडून आजच मागून घ्या, नुसती डिस्चार्ज समरी पुरत नाही.