सगळं नेटवर मिळतं, मग विद्यापीठाचं ग्रंथालय आता करतं काय?

तुम्ही विचारलंय, की सगळं ऑनलाइन आल्यावर कॉलेज-विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी स्वतःला बदललं, की नुसतेच स्कॅनर आणि संगणक मांडून ठेवले? मी वीसेक वर्षं अशाच एका ग्रंथालयात काढली आहेत. त्यामुळे उत्तरात थोडा आपलेपणा येणार, तो वजा करून वाचा.

आमच्याकडे एक संशोधक आहेत. ‘ग्रंथालयाची पायरी चढून पाच वर्षं झाली, माझं सगळं नेटवरच भागतं,’ असं ते कौतुकाने सांगतात. त्यांना संशोधन पेपर उघडतात, कारण वर्गणी आम्ही भरलेली असते आणि प्रकाशकाचा सर्व्हर आमच्या कॅम्पसचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, ओळखतो. घरून वाचायचं तर आमचंच लॉगिन मध्ये असतं. एका वर्षी वर्गणीचं नूतनीकरण रखडलं आणि जर्नल, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, उघडायची बंद झाली. पहिला फोन त्यांचाच आला! सांगायचं एवढंच, की काम नीट चाललं की ग्रंथालय दिसतच नाही.

या बदलाची सुरुवात मात्र जागेच्या अडचणीपासून झाली. जर्नलचे बाइंडिंग केलेले जुने अंक दरवर्षी कपाटं खात जायचे. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मेलन फाउंडेशनचे अध्यक्ष विल्यम बोवेन यांच्यापुढे एका कॉलेजच्या ग्रंथालयाला वाढीव इमारत हवी असल्याचा विषय आला. प्रत्येकाने तेच जुने अंक साठवण्यापेक्षा ते एकदाच स्कॅन करून सगळ्यांना का देऊ नयेत, या विचारातून १९९५मध्ये जेस्टोर हा जर्नलच्या जुन्या अंकांचा ऑनलाइन संग्रह उभा राहिला.

खरा बदल कोणता, तर आम्ही मालक होतो ते भाडेकरू झालो. छापील पुस्तक घेतलं, दाखल नोंदवहीत क्रमांक टाकला, शिक्का मारला की ते आमचं. प्रकाशक बुडाला तरी पुस्तक जागेवर. ई-जर्नलमध्ये आम्ही बहुतेक वेळा वाचायचा परवाना घेतो. त्यामुळे पूर्वी पुस्तकांच्या याद्या तपासणारे आम्ही आता करार वाचतो. वर्गणी थांबवली तर ज्या वर्षांचे पैसे भरले ते अंक तरी उघडतील ना, हे एक कलम मी दोनदा वाचते. ई-पुस्तकांची तर तऱ्हाच न्यारी. फाइल आहे, झिजत नाही, फाटत नाही, तरी काही परवान्यांत एका वेळी एकानेच वाचायचं! परीक्षेच्या तोंडावर त्या फाइलसाठी रांग लागते आणि मुलं विचारतात, ‘मॅडम, पीडीएफ कोणी घरी नेली का?’

भाडेकरूला घर जाण्याची भीती असतेच. म्हणून १९९९मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने लॉक्स नावाची व्यवस्था सुरू केली. एकच मजकूर अनेक ग्रंथालयांनी आपापल्या संगणकात ठेवायचा आणि त्या प्रती आपसात पडताळत राहायच्या. एकीत बिघाड निघाला तर बाकीच्यांवरून दुरुस्ती. हस्तलिखितांच्या नकला करून ठेवणाऱ्यांचाच हा शहाणपणा.

तालिकेचं, म्हणजे पुस्तकांच्या कॅटलॉगचं, स्थित्यंतर त्यामानाने सुखाचं झालं. लाकडी खणांतली नोंदींची पत्रं (कार्डं) गेली, संगणकावर शोधायची तालिका, म्हणजे ओपॅक आलं. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने १९७१पासून सुमारे १९० कोटी तालिकापत्रं छापली आणि शेवटचं २०१५मध्ये. आम्ही कोहा वापरतो. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी बनलेली ही ग्रंथालय चालवायची मुक्त संगणक प्रणाली जानेवारी २०००मध्ये सुरू झाली. जुन्या पत्रांची एक गोष्ट मात्र राहून गेली. आमच्या एका जुन्या ग्रंथपालांनी पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, ‘पृ. ११२ नंतरचा नकाशा गहाळ’. संगणकात नोंदी चढवल्या तेव्हा त्या ओळीसाठी रकाना ठेवायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

पैशांच्या बाबतीत आता आम्ही थोडे धीट झालो आहोत. कोणतं जर्नल किती उघडलं जातं याचे आकडे ‘काउंटर’ या वापर मोजायच्या ठरलेल्या पद्धतीने मिळतात, ते पुढ्यात ठेवून वाटाघाटी होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९मध्ये एल्सव्हियर या बड्या जर्नल-प्रकाशकाबरोबरचा करार थांबवला होता. २०२१मध्ये नवा झाला, त्यात तिथल्या संशोधकांचे लेख जगाला खुले करण्याची तरतूद आली. एवढा दम लहान ग्रंथालयात नसतो, म्हणून आम्ही गट करून बोलणी करतो. दुसरीकडे आपल्या संस्थेतले प्रबंध आणि लेख आपणच खुले ठेवायचे, त्यासाठी डीस्पेससारख्या प्रणाली आहेत. त्यात खरं काम मजकूर चढवण्याचं नव्हे, लेखकाची परवानगी मिळवण्याचं. बावीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधाच्या लेखकाला शोधण्यात माझे दोन आठवडे गेले होते.

वाचनकक्षाचं विचाराल तर काही कपाटं हलवून तिथे गटाने बसायची टेबलं आली आणि गर्दी वाढली. पुस्तक न घेता दिवसभर बसणारी मुलं पूर्वीही होती, आता त्यांना प्लगपॉइंट लागतो.

सध्या देवघेवीपेक्षा माझा वेळ भलत्याच गोष्टीत जातो. मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी तीन संदर्भ घेऊन आली, ‘मॅडम, हे लेख कुठेच मिळत नाहीत.’ जर्नल खरं होतं, खंड खरा होता. त्या पानांवर मात्र दुसऱ्याच कोणाचा दुसऱ्याच विषयावरचा लेख. यादी चॅटबॉटने करून दिली होती. तळघरातला बाइंडिंगचा खंड काढून तिला ते पान दाखवलं, तेव्हा कुठे तिची खात्री पटली.