युरोपात कोणत्या देशाचं जेवण सर्वांत भारी?

रोज जेवायचं असेल तर इटली, स्वयंपाक शिकायचा असेल तर फ्रान्स.

इटालियन पदार्थात चूक लपवायला जागाच नसते. रोमचा काचो ए पेपे घ्या: पास्ता, पेकोरिनो चीज, काळी मिरी, बस्स. पास्ता शिजवलेल्या पाण्यातल्या स्टार्चमुळे चीज मिळून येतं आणि गुळगुळीत सॉस होतो. आच जास्त झाली की चीजच्या गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. (शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, पेकोरिनो रोमानो आणि अस्सल पार्मेजान, दोन्हींत प्राण्यांपासून काढलेलं रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणारा पदार्थ, असतो.)

फ्रेंचांचं मोठेपण चवीपेक्षा पद्धतीत आहे. बेशामेल, वेलुते असे मोजके मूळ सॉस शिकायचे आणि त्यांतून बाकीचे करायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एस्कोफिए या फ्रेंच शेफने नीट बसवून दिलेली ही घडी आजही हॉटेल मॅनेजमेंटला शिकवतात. पण रोज एवढं लोणी? नको रे बाबा.

स्पेनमध्ये सान सेबास्तियानला बारमध्ये उभ्याउभ्या पिंचो, म्हणजे एका-दोन घासांचे छोटे पदार्थ, खात फिरावं. ब्रिटनच्या जेवणाची लोक उगाच चेष्टा करतात. चेडर आणि स्टिल्टनसारखी चीज देणाऱ्या देशाला इतकं हसू नये.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे पोर्तुगाल. खारवून सुकवलेला कॉड मासा तिथे नाना तऱ्हांनी करतात. आणि वाइन-लसणात मुरवलेलं त्यांचं डुकराचं मांस गोव्यात आलं, त्यात माडीचं व्हिनेगर आणि मिरची पडली, नि विंदालू झालं. मराठी जिभेला युरोपात आधी कुठे जेवायला न्यावं असं विचाराल, तर मी लिस्बनच सांगेन.