फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात

प्रश्न : अनवाणी पायांनी फ्रिजचं दार उघडलं की हाताला झिणझिण्या येतात, चप्पल घातली की काही जाणवत नाही. थंडावा नीट येतो. मेकॅनिक म्हणाले, बॉडी शॉर्ट झालीय, नवा घ्या. काय करू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, आधी फ्रिजचा प्लग काढा आणि मग पुढचं वाचा. घरात लहान मूल असेल तर आजच.

नवा फ्रिज घ्यायची घाई नको. प्लगची वरची जाड, लांब पिन अर्थिंगची. प्लग लावताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी, म्हणून ती लांब असते. टू-पिन अडॅप्टर लावला असेल तर या पिनेला वाटच उरत नाही. मग आतलं किंचित लीकेज पत्र्यावर येतं आणि तुमच्या अंगातून जमिनीत जातं.

अडॅप्टर नसेल तर घराचं अर्थिंग तपासा. तुमच्याकडचा जांभा एप्रिल-मेमध्ये ठणठणीत वाळतो. अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल गेली की वायर जागेवर असूनही करंट जमिनीत उतरत नाही. वायरमनला फेज आणि अर्थिंगमध्ये 100 वॅटचा बल्ब लावून बघायला सांगा. तो मिणमिणला तर अर्थिंग कच्चं. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, तो जराशा लीकेजलाही पेटतो.

सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून द्यायला कुणी निघालं, तर त्याचा हात धरा. झिणझिण्या लगेच थांबतात, म्हणून घरचे खूश होतात. पण उद्या त्या सॉकेटची न्यूट्रल तुटली, की फ्रिजच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट! सॉकेट उघडल्यावर हा जोड मला वारंवार दिसतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

अर्थिंग पक्कं झालं की 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. एमसीबी आहे की, असं वायरमन म्हणेल. एमसीबी जादा लोडला किंवा शॉर्टसर्किटला पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला कळतसुद्धा नाही.

फ्रिज लावताच आरसीसीबी पडू लागला, तर लीकेज फ्रिजमध्येच आहे. फ्रॉस्ट-फ्री असेल तर कॉम्प्रेसरच्या आधी डीफ्रॉस्ट हीटर (आतला बर्फ वितळवणारा) तपासायला सांगा. तो बदलायला नव्या फ्रिजच्या मानानं फारच थोडे पैसे लागतात.