१४ एप्रिलची मानवंदना कुणाला, आणि आपण काय करायचं?

तुम्ही विचारलंय की १४ एप्रिलला अग्निशमन दलाचे जवान मानवंदना कुणाला देतात, आणि दलाशी काहीही नातं नसलेल्या माणसाला त्यांच्यासाठी काही करावंसं वाटलं तर त्याने काय करावं.

माझे वडील मुंबईच्या अग्निशमन दलात होते. आम्ही केंद्राच्या वरच्याच मजल्यावर, क्वार्टर्समध्ये वाढलो. वर्दीची, म्हणजे आगीची खबर आल्याची, घंटा झाली की बाबा भरल्या ताटावरून उठायचे. खाली बंब निघून गेल्याचा आवाज आला की आई शेगडी बंद करायची आणि उरलेली भाकरी तशीच परातीत ठेवायची. गाडी परत आल्याशिवाय आमच्या घरात पुढची भाकरी भाजली जात नसे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी लांबून देऊ शकत नाही.

आधी तारखेबद्दल. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. महायुद्ध चालू होतं आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज लागलेलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, सोन्याच्या लगडी आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात! शिवाय दारूगोळा असलेल्या जहाजावर जो लाल बावटा लावायचा, तोही लावलेला नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास आतून धूर निघताना दिसला आणि बंब पोहोचले.

लोकांना वाटतं, बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं आत काय आहे. तसं नाही. जहाजावर स्फोटकं आहेत हे त्यांना तिथे पोहोचल्यावर कळलं होतं, आणि ते कळल्यावर त्यांनी आणखी बंब मागवले. मला या गोष्टीतलं सगळ्यात मोठं हे वाटतं. धक्क्यावर जहाज बुडवायचं की समुद्रात ओढून न्यायचं यावर चर्चा चालली होती, ठाम हुकूम कुणी देत नव्हतं, आणि तोवर हे लोक पाणी मारत राहिले. सुमारे ९०० टन पाणी जहाजात गेलं तरी आगीचं मूळ सापडेना. आतलं पाणी उकळायला लागलं. चारच्या आधी ज्वाळा उसळल्या तेव्हा जहाज सोडायला सांगण्यात आलं. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. हादऱ्याची नोंद पार सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. शेकडो माणसं गेली, आणि त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन आणि १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात स्मारक आहे. मानवंदना तिथे होते.

बाबासाहेबांची जयंतीही त्याच दिवशी. आमच्या क्वार्टर्समध्ये सकाळी दोन हार आणलेले असायचे, एक बाबासाहेबांच्या तसबिरीला आणि एक खाली केंद्रात न्यायला.

आता ‘तो इंग्रजांचा काळ होता’ असं कुणी म्हणू नये म्हणून दुसरी तारीख सांगते. ९ मे २०१५, काळबादेवीची गोकुळ निवास. जुनी लाकडी इमारत, अरुंद गल्ली, आणि आग लागलेली. रहिवासी सुखरूप बाहेर आले, पण इमारत कोसळली. दलाचे अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई यांचा तिथेच जीव गेला. होरपळलेले दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन त्याच महिन्यात गेले. दलाचा प्रमुखच आगीच्या तोंडाशी उभा होता. ही चार नावं घरातल्या मुलांना सांगा, एवढी तरी माझी विनंती आहे.

काय करायचं म्हणाल, तर सप्ताहात जवळच्या केंद्रावर जा. मुलांना घेऊन जा. फुलं न्या, जरूर न्या. पण बाबा निवृत्त झाल्यावर एकदा म्हणाले होते, ‘आग आम्हाला कळते गं, आत काय ठेवलंय ते कळत नाही.’ गोदीतही बावटा नव्हता, आत काय आहे ते पोहोचल्यावरच कळलं. आजही जवान आपल्या जिन्यात शिरतो तेव्हा तिथे कुणाची जुनी कपाटं, कुणाच्या सायकली, तळमजल्याच्या गाळ्यात रंगाचे नाहीतर थिनरचे डबे असतात, आणि त्याला ते धुरात हाताने चाचपून समजून घ्यावं लागतं. १०१ ला फोन कराल तेव्हा काय जळतंय, सिलिंडर किती आहेत, आत कुणी अडकलंय का, हे माहीत असेल तेवढं खरं सांगा. गाळ्यात परवानगीशिवाय माल भरलेला असला तरी सांगा. दंडाची भीती त्या वेळी मनात आणू नका. आणि गाडी अशी लावा की रात्री दोन वाजता बंब वळू शकेल. बंबवाले उशिरा आले म्हणून शिव्या घालणारी गर्दी मी लहानपणापासून पाहिली आहे, आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी दुतर्फा लावलेल्या गाड्याही.

मी आता राहते त्या इमारतीत जिन्यातली अडगळ काढायला दीड वर्ष लागलं. भांडणं झाली, दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. गेल्या एप्रिलमध्ये केंद्रातल्या जवानांना इमारत बघायला बोलावलं. त्यातला एक अगदी पोरगेला होता. गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे असते, टाकीत पाणी किती, मीटरची खोली कुठे, सगळं विचारून वहीत टिपून घेत होता. दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांना चालता येत नाही, हेही मी सांगितलं. त्याने वही मिटली आणि वर जाऊन आजींना त्यांचं नाव विचारून आला.