कामगार शिकून तयार झाले की सोडून जातात. चांगली माणसं मिळवायची आणि टिकवायची कशी?

"शिकून तयार झाले की सोडून जातात" हे वाचलं आणि राहवलं नाही. मी तसाच सोडून गेलेला माणूस आहे.

नऊ वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवतात त्या विभागात, डाय (साचे) सेट करत होतो. एक नवीन मुलगा भरती झाला आणि त्याला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मुलगा गुणी. महिन्याभराने त्याने सहज विचारलं, "दादा, मला एवढा पगार आहे, तर तुम्हाला भरपूरच असेल ना?" त्याने सांगितलेला आकडा माझ्या पगाराच्या वर होता. त्या दिवशी मला त्याला काही शिकवता आलं नाही. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

साहेबांकडे गेलो. म्हणाले, "बाहेरचा माणूस बाजारभावानेच आणावा लागतो. तू तर घरचा आहेस." राजीनामा दिला, तर दोन तासांत पगारवाढीचं पत्र तयार! म्हणजे पैसे होते, फक्त मी मागेपर्यंत द्यायचे नव्हते. मी थांबलो नाही.

माणूस पैशासाठी टिकत नाही, हे साहेबांचं आवडतं वाक्य. मला ते साफ चुकीचं वाटतं. १९१३ साली अमेरिकेत हेन्री फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात इतके लोक सोडून जायचे, की वर्षभरातली गळती एकूण कामगारांच्या ३७० टक्के होती, म्हणजे एकेका जागेवरचा माणूस वर्षात सरासरी साडेतीन-चार वेळा बदलायचा. जानेवारी १९१४ मध्ये त्याने रोजची कमाई साधारण दुपटीने वाढवून ५ डॉलर केली, पाळी ९ तासांवरून ८ तासांवर आणली. गळती झपाट्याने कमी झाली आणि भरतीसाठी दारात रांगा लागल्या. माणसं मिळवायची कशी, याचंही उत्तर त्यातच आहे.

अर्थात त्या ५ डॉलरना अटी होत्या. कामगार घरी कसा राहतो हे बघायला फोर्डने माणसं नेमली होती, ते मला पटत नाही. आणि सुपरवायझर चारचौघांत अपमान करत असेल तर पगार वाढवूनही कोणी थांबणार नाही, हेही खरं.

तरी सुरुवात पगारपत्रकापासून करा. नवीन माणसाला जुन्यापेक्षा जास्त देताय का? देत असाल तर जुन्याचा पगार त्याने विचारायच्या आधी वाढवा. मी हे साहेबांना सांगितलं होतं. त्यांचं उत्तर, "एकाला दिलं की सगळे मागतील." मागू देत ना. सगळेच काम करत होते.